डाव्या हाताच्या बांगड्या

आमच्या आईचा आवाज एकाच हाताचा होता. ती भाकरी थापायला बसली की परातीच्या एका अंगानं काचेची किणकिण यायची आणि दुसऱ्या अंगानं नुसता तळहाताचा थपथप आवाज. सारसोळ्यातल्या सगळ्या घरांतून सकाळी असाच आवाज येई, त्यामुळे दोन्ही हातांत बांगड्या भरणाऱ्या बायका मी शाळेत जाईपर्यंत फारशा पाहिल्याच नव्हत्या. आमच्या कोळ्यांत लग्न लागलं की नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देत. उजवा हात दर्याचा, डावा नवऱ्याचा. दर्यानं नवऱ्याला सांभाळायचं आणि बायकोनं डाव्या हातातला चुडा, असा तो सरळ व्यवहार होता. व्यवहार हा शब्द मी मुद्दाम वापरते. मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, हिशेब जुळला नाही तर मला जेवण गोड लागत नाही, आणि जुनं काही लिहायला बसले तरी तीच सवय आडवी येते. जे पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहीन, जे ऐकलं ते ऐकलं म्हणून. पुढचं बहुतेक पाहिलेलं आहे.

आमचं घर गावाच्या खाडीकडच्या टोकाला होतं. आता गाव आणि खाडी यांच्यामधून पाम बीचचा रस्ता जातो आणि गाड्या सुसाट पळतात. तेव्हा ओट्यावर बसलं की थेट तिवरं दिसायची, ओहोटी असली तर चिखल आणि भरती असली तर होड्या. घरात आई, दादा म्हणजे माझे वडील, मी, आणि भागीआत्या. भागीआत्या दादांची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याला दर्यानं परत दिलं नव्हतं, म्हणून ती माहेरी येऊन राहिली होती. तिचे दोन्ही हात मोकळे. ती सुकत घातलेले बोंबील राखायची, जवळा निवडायची, आणि कुठं हळदीकुंकू, कुठं पाचवी असली की न सांगता मागच्या दारी जाऊन बसायची. माझी थोरली बहीण प्रमिलाताई लग्न होऊन नावड्याला गेली होती.

आई सुईण होती. तिच्या आईकडून शिकलेली, आणि तिची आई तिच्या आईकडून. गावात कुठंही पोट दुखायला लागलं की माणूस आमच्या ओट्यावर हजर. घरात आईला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नसेल. मासळी साफ करता करता उठून चुलीत लाकूड सारायची, चुलीवरून उठून कुंपणापाशी जाऊन होड्या बघायची, जेवताना तीनदा उठायची. दादा म्हणायचे, "हिच्या पायाखाली खुब्यांच्या शिंपल्या हायेत, टोचतात तिला." पण हीच बाई बाळंतिणीजवळ बसली की दगड व्हायची. मी लहानपणी दाराच्या फटीतून पाहिलंय. आत कण्हणं, रडणं, शिव्या, सगळं चाललेलं असायचं आणि आई भिंतीला टेकून, मांडीवर हात ठेवून बसलेली. तिला कुणी घाई करायला सांगितलं तर म्हणायची, "भरती आपल्या सांगन्यानं येते काय?"

मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास सरकारनं गावोगावच्या सुईणींना शिकवायचं ठरवलं. आमच्या भागातल्या सुईणींचा वर्ग उपकेंद्रातल्या एका खोलीत भरायचा. सारसोळ्याची आमची आई, शेजारच्या करावे-दारावे गावांतल्या दोघीचौघी, आणखी इकडच्या तिकडच्या. सगळ्या वयस्क, सगळ्यांच्या लुगड्याला मासळीचा वास, सगळ्यांनी आयुष्यभर पोरं झेललेली. त्यांना शिकवायला साताऱ्याकडच्या एक सिस्टर होत्या, उंच, मोठ्या आवाजाच्या. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी तिला सोडायला मी गेले आणि मग सुट्टी असली की जातच राहिले, कारण तिथं करमणूक फार होती.

सिस्टरांनी कापडाची पिशवी आणि प्लॅस्टिकची बाहुली आणली होती. पिशवी म्हणजे गर्भाशय, बाहुली म्हणजे बाळ. करावेची म्हातारी बाहुली उलटीपालटी करून म्हणाली, "सिस्टर, पोराला मान तरी हाय काय? यो तर बंदुकीच्या गोळीसारका भाईर पडंल." सगळ्या खो खो हसल्या. सिस्टरही हसल्या, पण शिकवायच्या थांबल्या नाहीत. जागा स्वच्छ, हात स्वच्छ, ब्लेड नवं, दोरा उकळलेला, नाळेवर काही लावायचं नाही; शेणाची राख नाही, हळद नाही, काही नाही. पोटावर दाब द्यायचा नाही. अंगावरून जास्त जायला लागलं, झटका आला, बाळाचा हात आधी दिसला, तर आपली हुशारी बाजूला ठेवायची आणि दवाखाना गाठायचा. आईला यातलं पुष्कळ ठाऊक होतं आणि काही अजिबात ठाऊक नव्हतं. घरी येताना ती दोन्ही वेगवेगळं करून मला सांगायची. "ह्ये माज्या आयेनं सांगलंवतं. ह्ये नवीन."

मग हळदीचा दिवस आला. सिस्टरांनी तेलात हळद कालवली, सगळ्यांच्या हातांना कोपरापर्यंत चोळली आणि सांगितलं, "आता डोळे मिटा आणि साबणानं हात धुवा. जसे रोज धुता तसे." बायकांनी डोळे मिटले, मी पाणी घालत गेले. धुऊन झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "उघडा डोळे." उजवे हात बऱ्यापैकी स्वच्छ निघाले होते, नखांत काय राहिलं ते सोडून. डाव्या हातांवर, बांगड्यांच्या खाली, मनगटाभोवती पिवळी कडी राहिली होती. प्रत्येकीच्या हाताला. बांगड्या अंगासरशा घट्ट भरायची आमची रीत. हात धुताना त्या हलतच नसत.

"ही हळद आहे म्हणून दिसली," सिस्टर म्हणाल्या. "घाण दिसत नाही. त्या घाणीनं बाळंतिणीला ताप चढतो. म्हणून केस घेताना बांगड्या काढायच्या."

 मग दारावेची एक उठून उभी राहिली. "चला गो. यांचं शिकून झायलं."

"अवो मावशी, बसा. मी नाही का काढत? माझा नवरा चांगला धडधाकट आहे."

"तुमचा नवरा बँकेत जातो, सिस्टर. आमचा दर्यात जातो."

 बायका एकेक करून निघाल्या. आई मात्र आपल्या डाव्या मनगटाकडे बघत बसली होती. ती त्या पिवळ्या कड्यावरून बोट फिरवत होती, बांगडी सरकवून बघत होती, ती सरकत नव्हती. सगळ्या गेल्यावर तिनं विचारलं, "सिस्टर, आमच्या शेजारची हिरा. बालंतपन बरं झायलं. मंग ताप आयला आनि गेली. लोक बोलले भाईरची बाधा. तो ताप माज्या हाताचा होता काय?"

सिस्टरांनी हात पुसले. मग म्हणाल्या, "मला सांगता येणार नाही, मावशी. असूही शकेल, नसूही शकेल."

मी आजही त्या बाईंना मानते. "नाही हो, तसं काही नाही" म्हणणं किती सोपं होतं.

त्या दिवसापासून आईनं बाळंतपणं घेणं बंद केलं. तोंडानं तसं म्हणाली नाही. माणूस ओट्यावर आला की सांगायची, "दवाखान्यात न्या," आणि कधी सोबत जायची, पण बाळंतिणीला हात लावायची नाही. गाव बोलायला लागलं. पाण्यावर एक जण मला ऐकवून दुसरीला म्हणाली, "सुईन शिकली आनि बिगडली." घरात आईनं आमचा जीव नकोसा केला. दिवसातून किती वेळा हात धुवायची कोण जाणे. बांगड्यांवर चिंधी गुंडाळून पाहिली, ती भिजून राहायची. बांगड्या कोपराकडे चढवून पाहिल्या, त्या चढेनात. उजव्या हातानं एकट्यानं काय काय करता येईल ते तांब्या, उशी, काय सापडेल ते घेऊन करून पाहिलं. आणि मग उठून कुंपणापाशी. दादा रात्री जेवताना म्हणाले, "काडायच्या तर काड, नाय तर सोड. पन एका ठिकानी बस." आई भडकली. "तुमी दर्यात आनि मी हात मोकला करू? जिभेला हाड हाय काय?"

या सगळ्यात प्रमिलाताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

आईनं तिला आल्या दिवशीच सांगितलं, की वेळ आली की दवाखान्यात जायचं. ताई हसली. "साऱ्या गावाची पोरं तू काडलीस आनि मी दवाखान्यात जाऊ? सासू काय बोलेल?" आईनं सिस्टरांकडे तिची तपासणी करून घेतली, बाळ सरळ होतं, रक्त बरं होतं, सगळं ठीक. आई तिला निवट्यांचं कालवण, तांदळाची पेज, अहाळीवाचे लाडू असं खायला घालायची आणि पोटावरून नुसती नजर फिरवायची. तपासायला हात लावायची नाही. ताईच्या ते लक्षात आलं होतं. एकदा तिनं मला विचारलं, "आये माज्यावर रागावलीय काय गो?"

त्या दिवशी दादा सकाळी जाळी टाकायला गेले होते. वारा होता, वादळ म्हणावं इतका नाही, पण तिवरं एका बाजूला कललेली मला आठवतात. ताईला सकाळपासून कळा येत असणार; ती बोलली नाही, दवाखान्यात नेतील म्हणून. आम्हाला कळलं ते दुपारी, ती मोरीच्या भिंतीला धरून खाली बसली तेव्हा. आईनं एकदाच तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता दवाखाना नाय होत. वाटेत होईल."

मी सिस्टरांना बोलवायला धावले. उपकेंद्राला कुलूप होतं, त्या फिरतीवर गेल्या होत्या. परत आले तर भागीआत्यानं पाणी तापत ठेवलं होतं, खोलीत धुतलेलं लुगडं अंथरलं होतं, वर्गात मिळालेला आईचा ब्लेड-दोऱ्याचा सरकारी डबा उघडा होता आणि आई डबा सोडून दारात उभी होती. खाडीकडे बघत. इतरांच्या होड्या लागत होत्या. आमची नव्हती.

आत ताई ओरडली. आई वळली आणि साबणाची वडी आत्याच्या पुढे धरली.

"भागी, काड."

आत्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती भिंतीला जाऊन चिकटली. "वयनी, मना नको सांगू. माज्या हातानं नको. मी कोन हाय ते ठावं हाय ना तुना?"

"ठावं हाय. म्हनून तर सांगते. कशा निघतात ते तुना ठावं हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुज्या फोडल्या होत्या. माज्या फोडू नको. साबनानं काड."

आत्या रडत होती आणि काढत होती. आईचं मनगट साबणाच्या फेसानं पांढरं झालं, मग लाल झालं. एकेक हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडावरून कुरकुरत सुटत होती. आई आईगं सुद्धा म्हणाली नाही. सगळ्या निघाल्यावर तिनं त्या मोकळ्या ठेवल्या नाहीत. माझा डावा हात ओढला आणि माझ्या हातात चढवल्या. माझं मनगट बारीक, पटकन गेल्या. "तुज्या दादाचा जीव हाय ह्यो," ती म्हणाली. "हात हलवू नको. उंबऱ्यावर बस आनि खाडीवर नजर ठेव." आणि ती कोपरापर्यंत हात धुवायला लागली, सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे, नखांपासून, आणि आत जाऊन बसली.

मला एका जागी बसता येत नाही. तेवढं मी आईचं घेतलंय. त्या उंबऱ्यावर मी बसले होते तसं नंतर कधी बसले नाही. एक कान आत, डोळे खाडीवर, आणि डावा हात मांडीवर, जणू त्यात उकळतं तेल भरलंय. बाहेर ओहोटी लागत होती. आत आई भिंतीला टेकून बसली होती. कितीतरी आठवड्यांनी मी तिला तशी बघत होते. आत्या जायला निघाली तेव्हा आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "कुटं चाललीस? तिला पाठीमागून धर." "मी?" आत्या म्हणाली. "पैलटकरीन हाय ती." पहिल्या बाळंतपणाच्या खोलीत विधवा बाई जात नसे. आई म्हणाली, "हात धुतलेस ना? मंग धर." आत्यानं ताईला पाठीमागून मिठी मारली.

ताई पुढं सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत आली होती. कळ आली की ती जे मिळेल ते धरायची. लुगडं, चौकट, आत्याचा पदर. एका मोठ्या कळेला तिनं हात फेकला आणि माझं मनगट धरलं. डावं. मी "ताई, नको" म्हणेपर्यंत कड् कड् आवाज झाला आणि दोन बांगड्या फुटल्या. काच माझ्या हातात घुसली. ताईला कळलं नाही. आत्याला दिसलं आणि तिनं डोळे मिटून घेतले.

आईला ऐकू आलं. हे मी ऐकीव सांगत नाही. आपल्या बांगडीचा आवाज बाईला भांड्यांच्या गलक्यातही कळतो. तिचे खांदे एकदा आखडले. पण तिनं मान वर केली नाही. डोकं दिसायला लागलं होतं आणि तिचे दोन्ही हात तिथं होते, मोकळे, कोपरापर्यंत धुतलेले. "जोर नको करू आता," ती ताईला म्हणाली, अगदी हळू. "फुंक घाल. चुलीला घालतात तशी. घाई नाय हाय आपल्याला."

मुलगी झाली. रडली. आईनं नाळ बांधली, नव्या ब्लेडनं कापली, बाळ ताईच्या छातीवर ठेवलं, वार पडायची वाट पाहिली, ती पुरी आहे का ते बघितलं. सगळं झालं तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्या हाताकडे पाहिलं आणि मग माझ्या चेहऱ्याकडे. तिला विचारायचं होतं ते एकच. मी मान हलवली. होडी आली नव्हती.

त्यानंतरचा वेळ मी लिहू शकत नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. आत्यानं काचेचे तुकडे वेचून पदरात बांधले. आई आतबाहेर करत राहिली. ताईला शेक, बाळाला गुंडाळ, कुंपणापाशी जा, परत ये. ऊन कललं, चिखल पार तिवरांपर्यंत उघडा पडला. मी माझ्या हातातल्या उरलेल्या बांगड्या दुसऱ्या हातानं धरून बसले होते.

दादा चिखलातून चालत आले. गुडघ्याच्या वर माखलेले, डोक्यावर टोपली. होडी ओहोटीत रुतली होती, ती जोडीदाराकडे सोडून ते पायी निघाले होते, इतकंच. ते कुंपणातून आत आले तेव्हा आई मागच्या पिंपावर हात धूत होती. दादांनी तिचा उजवा हात पाहिला, मग डावा. टोपली तशीच डोक्यावर. त्यांचा चेहरा उतरला, त्यांनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी मेलो का काय गो?"

पहिली हसली ती भागीआत्या. हसता हसता तिला भिंत धरावी लागली. आई हसली नाही. म्हणाली, "अजून नाय. पाय धुवा आनि नात बगा." आणि मग पिंपाच्या आडोशाला बसून रडली.

ताईला ताप आला नाही. आई रोज तिच्या कपाळाला हात लावून बघत होती, पाचवी होऊन गेली तरी. त्या आठवड्यात कासारीण गावात आली तेव्हा आईनं डावा हात पुढं केला आणि नेहमीचं माप सोडून मोठं सांगितलं, "दोन-चार नको. दोन-आठ दे."

"म्हातारीसारकी दिसशील," कासारीण म्हणाली. "गलून पडतील गो."

"पडल्या तर उचलीन."

त्या बांगड्यांचा आवाज वेगळा होता, सैल, खळखळ करणारा. भाकरी थापताना त्या कोपरापर्यंत घरंगळायच्या. आईनं सिस्टरांना हात दाखवला, सहज सुटतात ते दाखवलं, आणि पुन्हा बाळंतपणं घ्यायला लागली. पुढच्या वर्गाला करावेची म्हातारीही दोन-आठ भरून आली. आता ते वर्ग बंद झालेत, गावात कुणी घरी बाळंत होत नाही, आणि त्या दिवशी जन्मलेली माझी भाची ऐरोलीला कंपनीत जाते. माझ्या सुनेच्या बाळाला काचेपलीकडच्या खोलीत ठेवलं होतं तेव्हा तिथल्या नर्सनं मला बांगड्या काढून हात धुवायला सांगितलं. मी लगेच काढल्या. माझ्याही सैल असतात.

पण मला सांगायचं होतं ते यानंतरचं. माझं लग्न झाल्यावर एकदा दुपारी न कळवता माहेरी गेले. ओट्यावर भागीआत्या एकटीच बसलेली, खाडीकडे तोंड करून. डावा हात मांडीवर पालथा ठेवलेला, आणि त्या हातात हिरव्या बांगड्या. दोन-आठच्या, आईच्या. रस्त्यानं जाणारी माणसं बघत होती आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"आये कुटं गेली?" मी विचारलं.

"एक अडलीय, तिकडं गेलीय. तुजा दादा दर्यात हाय." तिनं नजर हलवली नाही. "बस तू. पानी हवं तर घे आपल्या हातानं. मना उटाला सांगू नको."